उष्टी बाटली

आपल्याला विनीतचा हेवा वाटत नाही, असं अनिल सगळ्यांना सांगायचा. कुणी विचारलेलं नसतानाही सांगायचा, त्यामुळे ऐकणाऱ्याला काय ते समजायचं.

विनीत त्याचा साडू. आप्पांच्या दोन मुली. थोरली दीपाली अनिलला दिलेली आणि धाकटी श्रद्धा विनीतला. मुलगा नाही. भाट्याच्या पुलापलीकडे, कातळाच्या उतारावर आप्पांचं घर आणि घरामागे हापूसची कलमं. अनिल रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून, म्हणजे सासुरवाडीला स्कूटरवरून चहा गार व्हायच्या आत पोचणारा. विनीत मालवाहू बोटीवर इंजिनीयर, वर्षातला बराच काळ पाण्यावर.

आता जवळच्या जावयाचं काय होतं ते सांगायला नको. आप्पांचा पंप बिघडला, अनिलला फोन. सासूबाईंच्या चष्म्याची काडी तुटली, अनिलला फोन. विहिरीत मांजर पडलं तेव्हासुद्धा अनिलच कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता, आणि मांजरानं त्याला ओरबाडलं होतं. लांबचा जावई मात्र दोन वर्षांनी एकदा चाकांची बॅग ओढत अंगणात यायचा, की सासूबाईंना सुरमई आठवायची. सुरमई आणायला बंदरावर कोण जाणार? अनिल. जेवताना विनीतच्या ताटात मधली तुकडी पडते की शेपटाकडची, हे तो तिरक्या डोळ्यानं बघायचा. मधलीच पडायची.

तरीही एक गोष्ट अशी होती की तिच्या जोरावर अनिल हे सगळं गिळत होता. ती म्हणजे राखण.

कलमांची बाग नुसत्या मालकाच्या जिवावर उभी राहत नाही, तिला राखणदार असतो. आप्पांच्या बागेचा राखणदार वरच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, किंजळीच्या झाडाखालच्या एका काळ्या दगडात राहतो. थंडी पडली की, मोहोर धरायच्या आधी, त्याला राखण द्यायची. कोंबडा, नारळ, विड्या आणि दारूची बाटली. पुरुषमाणसं जमतात, एक जण दगडासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. आप्पांच्या घरात याचे दोन नियम होते. बाटली कोरी हवी, सील न फोडलेली, कारण पहिला घोट राखणदाराचा. आणि ज्याची बाटली, त्याचं गाऱ्हाणं. आप्पांच्या वडिलांच्या काळात कुणा गड्यानं वाटेत बाटलीला तोंड लावलं आणि त्या वर्षी मोहोर काळा पडून गळून गेला, ही हकिगत आप्पा दरवर्षी कोंबडा शिजेपर्यंत सांगायचे.

गेल्या वर्षी गाऱ्हाणं घालताना आप्पांना खोकल्याची उबळ आली आणि मधेच थांबावं लागलं. खाली उतरताना ते म्हणाले, पुढल्या वर्षापासून बाटली जावयानं आणायची. जावयानं म्हणजे कुठल्या, हे ते बोलले नाहीत, आणि अनिलला विचारायची गरज वाटली नाही.

तो वर्षभर तयारी करत होता. आप्पांचं गाऱ्हाणं त्याला पाठ होतंच, आता तो चालीवर आणत होता. कचेरीतून सुटल्यावर स्कूटर मुद्दाम भाट्याच्या पुलावर घ्यायची आणि वाऱ्यात तोंड उघडून ‘म्हाराजा’ ठोकायचा. एकदा टोपली घेऊन चाललेली एक कोळीण त्याला पाहून थांबली, तिला वाटलं मासे मागतोय. नोकरीत तो कुणाच्या पुढे गेला नव्हता आणि जाणारही नव्हता. पण त्या दगडासमोर उभं राहायचं, आणि आप्पांच्या वाडीनं आपल्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, म्हणजे या घरचा माणूस कोण हे एकदाचं ठरलं. त्याला एवढंच हवं होतं. रमची एक साधी, चांगली बाटली त्यानं दिवाळीतच आणून ठेवली होती.

आणि नेमका थंडीच्या तोंडावर विनीत श्रद्धाला घेऊन आला.

बॅग उघडण्याचा सोहळा पडवीत झाला. सासूबाईंना बदाम, दीपालीला पर्स, अनिलला एक टीशर्ट, तोही दोन अनिल मावतील असा. शेवटी विनीतनं तळातून एक लाकडी खोकं काढलं आणि आप्पांच्या मांडीवर ठेवलं. आत जाड काचेची चौकोनी बाटली, लाकडी डोक्याचं बूच, त्यावर काळं सील. अमेरिकेतल्या बंदरात घेतली, बोर्बन आहे, मक्याची व्हिस्की असते, असं विनीत म्हणाला. बोर्बन म्हणजे ती बिस्किटं ना, असं सासूबाईंनी विचारलं आणि सगळे हसले. अनिल जरा उशिरा हसला.

आप्पांनी बाटली उजेडात धरून पाहिली. साखरेच्या दुखण्यामुळे त्यांना आता थेंब चालत नव्हता, पण बाटली फिरवताना त्यांचा चेहरा खुलला होता. पंप दुरुस्त झाल्यावर हा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता.

“यंदाची राखण हिनंच द्यायची,” आप्पा म्हणाले. “राखणदाराला पण कळूंदे, आपला जावय कुठं कुठं फिरतो तो.”

अनिलनं हळूच नियमाची आठवण करून दिली, ज्याची बाटली त्याचं गाऱ्हाणं. विनीतरावांना कुठं येतं? आप्पा म्हणाले, तुम्ही शिकवा. विनीतनं हात जोडून मला नाही जमणार म्हटलं, पण पाहुण्यानं आणखी वाढू नका म्हणावं तसं ते धरलं गेलं आणि विषय संपला. वर सासूबाई म्हणाल्या की देवाच्या खोलीशेजारी ही ब्याद नको, अनिलराव, तुमच्याकडं नेऊन ठेवा राखणीपर्यंत. म्हणजे बाटली विनीतची, मान विनीतचा आणि हमाली अनिलची.

घरी येईपर्यंत अनिलच्या अंगाचा तिळपापड झाला होता. दीपालीनं ते ओळखलं. ती म्हणाली, “विनीतनं तुमचं काय नेलंय? बिचारा सुट्टीत पण झोपेत इंजिनाचे आवाज ऐकतो म्हणे.” अनिल म्हणाला, मला काय त्याचं, मला हेवाबिवा काही नाही. आणि त्यानं बाटली कपाटात अशी ठेवली की खोकं दारावर आपटलं.

रविवारी दुपारी दीपाली मैत्रिणीकडे गेली. घरात अनिल आणि कपाट. तो पेपर वाचत बसला, पण एकाच बातमीवर डोळे फिरत होते. शेवटी त्यानं बाटली बाहेर काढली. नुसती बघायची म्हणून. मग नुसता वास घ्यायचा म्हणून ब्लेडच्या टोकानं सील खालून सोडवलं. बूच निघालं ते इतक्या गोड आवाजानं, की आता मागे फिरणं त्याला जमलं नाही. त्यानं स्टीलच्या पेल्यात घोटभर ओतलं आणि प्यायला.

आधी गोड लागलं. मग लाकूड लागलं. मग घशात जाळ झाला आणि जिभेवर खोकल्याच्या औषधाची चव उरली. सुताराच्या भुशावर कुणीतरी व्हॅनिला इसेन्स सांडावा, तसा वास नाकात बसला. अनिलची दारूतली जाण ती काय, वर्षातून दोनदा कचेरीच्या पार्टीत रम. पण दारू बेकार आहे हे ठरवायला त्याला जाण लागली नाही. खात्री करायला त्यानं आणखी एक घोट घेतला. तोही तसाच वाईट.

आणि मग त्याला जो आनंद झाला, तो लग्नाच्या दिवशीही झाला नसेल. एवढं खोकं, एवढी काच, सातासमुद्रापलीकडून आणलेली, आणि आत हे! त्याची साधी रम हिच्यापेक्षा शंभर पटीनं बरी होती. तो खुर्चीत मागे रेलून एकटाच हसला. आप्पांना सांगू का? सासूबाईंना सांगू? कुणाला आणि कसं सांगू, असा विचार करत असताना त्याचं हसू ओठांवरच वाळलं. सांगायचं म्हणजे चाखली हे सांगायचं. बाटली उष्टी झाली होती.

आता करायचं काय? दुसरी आणावी तर रत्नागिरीत तसली मिळायची नाही. पडून फुटली म्हणावं तर आप्पा म्हणणार, एवढी एक वस्तू सांभाळायला दिली होती. बाटली टेबलावर, हात डोक्याला, असा तो बराच वेळ बसला. मग त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो चांगला विचार नव्हता हे त्याला तेव्हाही कळत होतं. गाऱ्हाणं कोण घालणार? विनीत. बाटली कुणाची? विनीतची. उष्टी राखण गेली, मोहोर बिघडला, तर वाडी म्हणणार की बोटीवरच्या जावयाची राखण लागू पडली नाही. पुढल्या वर्षी आप्पा आपणहून म्हणतील, अनिलराव, तुमचीच बाटली बरी.

त्यानं बूच दाबून बसवलं, सील खाली ओढलं आणि डिंकाचं बोट फिरवलं. काम इतकं सफाईदार झालं की त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. संध्याकाळी दीपालीनं विचारलं, घरात खोकल्याच्या औषधाचा वास कसला? अनिल दोनदा खोकला.

राखणीच्या दिवशी सकाळी तो बाटली घेऊन निघाला. स्वतःची रमही त्यानं स्कूटरच्या डिकीत टाकली. कशासाठी, हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. पण हेवा करणाऱ्या माणसाला आशा फार असते.

किंजळीखाली सगळी तयारी झाली होती. वाडीतली पाच-सहा माणसं जमली होती, शेजारचा आत्माराम कोंबडा बगलेत धरून उभा होता. या आत्मारामानं आप्पांच्या मागं इतकी वर्षं साथ दिली होती की झोपेतही त्याच्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निघालं असतं. आप्पा काठी टेकून दगडाशेजारी बसले. नारळ झाला, विड्या ठेवल्या. विनीत धोतर नेसून आला होता आणि ते त्याला शोभत होतं, हेही अनिलच्या नजरेतून सुटलं नाही. आप्पांनी खूण केली, की अनिलनं खोकं विनीतच्या हातात दिलं.

विनीत दगडासमोर गेला, उभा राहिला, आणि तसाच मागे वळला.

“आप्पा, हे माझ्यानं व्हायचं नाही,” तो म्हणाला. “येत नाही हा एक भाग. पण मी इथं असतो कधी? पाणी लावतात अनिलदादा, फवारणीला उभे राहतात दादा. मी बोटीवरून फोन केला, तर तुम्ही दोन शब्द बोलता आणि ‘अनिलराव आले’ म्हणून ठेवून देता. ह्या दगडाला माझा आवाज पण ओळखता यायचा नाही.”

आप्पा म्हणाले की नियम आहे, बाटली ज्याची त्यानंच घालायचं.

“मग बाटली दादांची. दिली मी त्यांना.” आणि विनीतनं ते खोकं अनिलच्या हातात ठेवलं.

एवढं सगळं अगदी सहज झालं. वर्षभर ज्याच्यासाठी पुलावर ओरडला, ती जागा समोर रिकामी होती आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. आप्पांनी मान हलवली, आणि ती नाराजीची नव्हती. अनिल पुढे झाला. बाटली त्यानं दगडासमोर ठेवली, हात जोडले. काहीच बोलायचं नाही, फक्त गाऱ्हाणं घालायचं, असं त्यानं ठरवलं. दोन घोटांनी काय होतंय?

“हे राखणदारा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या कातळावर तुझा पाय, ह्या कलमांवर तुझी नजर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

आवाज छान लागला होता. त्यानं मान वर केली तर समोर बाग होती. गडग्याकडचं म्हातारं कलम, ज्याला त्यानं स्वतः खोडकिडीचं औषध भरलं होतं. त्याच्या खालचं, वादळात उलथलं तेव्हा दोर लावून ज्याला त्यानं आणि आत्मारामानं उभं केलं होतं. शेंड्यांवर कोंबांचे डोळे फुगलेले होते, थंडी टिकली तर मोहोर महिन्याभरात. विनीतची राखण बिघडावी असं त्यानं मनात धरलं होतं, पण बिघडणार होती ती ही झाडं. हेव्याच्या भरात मधे बाग येते हेच तो विसरला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

“आज ही कोरी बाटली...” तो म्हणाला, आणि थांबला.

आप्पांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, जावई विसरला. ते हळूच पुढचा शब्द सांगायला लागले, पण अनिलनं मान हलवली.

“ही बाटली कोरी नाय म्हाराजा. मी तिचे दोन घोट घेतलेत.”

“व्हय म्हाराजा,” सगळे एका सुरात म्हणाले.

“सील मी चिकटवलंय म्हाराजा. मला विनीतचा हेवा वाटला.”

“व्हय म्हाराजा,” म्हणाला तो एकटा आत्माराम. बाकीच्यांची तोंडं उघडी राहिली होती. मग आत्मारामालाही कळलं, आणि त्याच्या बगलेतला कोंबडा तेवढा ओरडला.

अनिलला वाटलं, आता काठी आपल्या पाठीत बसणार. आप्पांनी हात पुढे करून बाटली मागितली, नखानं सील खरवडलं, बूच काढलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. मग विनीतला विचारलं की हे कुणी सांगितलं घ्यायला. विनीत खाली बघत म्हणाला, कुणी नाही. बोटीवर प्यायला बंदी, मला त्यातलं कळत नाही, खोकं बरं दिसलं म्हणून घेतली. त्या क्षणी अनिलला त्याच्याविषयी थोडीशी माया वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही.

कारण आप्पांनी विचारलं, दुसरी कोरी बाटली आहे का कुणाकडे. अनिलनं स्कूटरकडे बोट दाखवलं. रम आली. अनिलचा हात तिच्याकडे गेला, तेवढ्यात आप्पांची काठी मधे आली.

“ती विनीतरावांच्या हातात द्या. ज्यानं राखण उष्टी केली त्यानं यंदा पुढं उभं राह्याचं नाय.”

अनिलनं स्वतःची बाटली विनीतला दिली. मग आप्पा म्हणाले, त्यांना येत नाही, तुम्ही मागं उभं राहून सांगा. म्हणून तो मागे उभा राहिला आणि एकेक वाक्य हळू आवाजात पुरवत गेला. विनीत ते उचलून दगडासमोर म्हणत गेला. इंजिनाच्या खोलीत ओरडून ओरडून विनीतचा आवाज असा तयार झाला होता की खालच्या वाडीपर्यंत गेला. ‘व्हय म्हाराजा’ही यंदा दणदणीत निघालं. बाटली अनिलची, शब्द अनिलचे, चालही त्यानंच वर्षभर घासून बसवलेली, आणि मान मात्र दुसऱ्याचा. लाज तर वाटतच होती. पण हेवा काही गेला नव्हता, उलट विनीतनं शेवटचा ‘म्हाराजा’ लांबवला तेव्हा तो चांगलाच चावला.

कोंबडा शिजत होता तेव्हा प्रश्न निघाला, ह्या अमेरिकन बाटलीचं करायचं काय. एक जण म्हणाला ओतून टाका. दुसरा म्हणाला, पाय दुखतात त्यावर चोळायला बरी. आत्मारामानं मी नेतो असं सुचवून पाहिलं. आप्पांनी सगळ्यांना हातानं थांबवलं.

“आमच्या घरात ताटात उष्टं टाकायची रीत नाय. ज्यानं उष्टं केलं त्यानं संपवायचं,” ते अनिलला म्हणाले. “ही तुमची. फेकायची नाय, वाटायची नाय. रिकामी करून मला दाखवा. मग पुढल्या राखणीला तुमची बाटली आणि तुमचं गाऱ्हाणं.”

अनिलनं बाटली उचलली. दोन घोट सोडले तर ती काठोकाठ होती. एवढा लाकडाचा भुसा एका वर्षात पोटात जायचा, या विचारानंच त्याच्या घशात जाळ झाला. पण आप्पा पुढल्या राखणीबद्दल बोलले होते, आणि या वेळी कुठल्या जावयानं हेही स्पष्ट सांगितलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी जेवणाआधी तो पेलाभर पाण्यात थोडी ओतून घेतो, डोळे मिटून पितो आणि वर लिंबाची फोड चोखतो. दीपाली समोर बसून हसते. रविवारी आप्पांचा फोन येतो, आणि पंपाबद्दल विचारण्याआधी ते बाटलीबद्दल विचारतात.

विनीत बोटीवर परत जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला आला होता. बाटली टेबलावरच होती. त्यानं ती उचलून पाहिली, उरलेली पातळी पाहिली आणि त्याला अनिलची दया आली. “दादा, दोन पेग मी मारतो. तेवढंच तुमचं ओझं कमी. आप्पांना कोण सांगतंय?”

अनिलनं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. आत खोकल्याचं औषध होतं, आणि अजून कितीतरी रविवार पुरणार होतं. तरीही त्यानं ती कपाटात ठेवली, दार लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

“नको,” तो म्हणाला. “ही माझी आहे.”